पदवी तिकडची, परवाना कुणाचा? : फिजिओथेरपीच्या परदेशी शिक्षणाचा आढावा

इंटर्नशिप संपली की फिजिओथेरपी कॉलेजच्या ऑफिसबाहेर एक ठरावीक रांग लागते. प्रत्येकाच्या हातात जाडजूड फाइल. त्यात चार वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, कौन्सिलच्या नोंदणीची प्रत आणि अभ्यासक्रमाची दीड-दोनशे पानं. त्या प्रत्येक पानावर कॉलेजचा गोल शिक्का आणि प्राचार्यांची सही हवी असते. शिवाय कुठल्या विषयाचे थिअरीचे किती तास, प्रात्यक्षिकाचे किती, रुग्णांसोबतचे किती, याचा तक्ता लागतो. लिपिक वैतागलेला असतो, कारण असा तक्ता कॉलेजात कधी तयारच केलेला नसतो. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे. त्या रांगेतल्या मुलामुलींना ‘कुठे निघालात?’ असं विचारलं की उत्तर पटकन येतं : यूके, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, हल्ली जर्मनीसुद्धा. ‘तिथे शिकून झाल्यावर रुग्णाला हात लावायची परवानगी मिळणार का?’ या प्रश्नाला मात्र दहातले सहा-सात जण थांबतात.

परदेशी शिक्षणाबद्दल आपल्याकडे जी चर्चा चालते, ती फी, व्हिसा आणि विद्यापीठाची क्रमवारी यांच्याभोवती फिरते. फिजिओथेरपीत त्याआधीचा एक प्रश्न आहे. हा परवान्याचा व्यवसाय आहे. तिकडची पदवी हातात आली म्हणजे तिकडे काम करता येतं असं नाही, आणि काही देशांत तर तिकडची पदवी न घेताही काम करता येतं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की कर्ज एका गोष्टीसाठी काढलं जातं आणि अपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची असते. आज हा प्रश्न कुठे येऊन उभा आहे, कोण काय म्हणतं आणि काय सुटलेलं नाही, याची ही मांडणी आहे.

एकच व्यवसाय, वेगवेगळ्या वाटा

देशादेशांत नियम इतके वेगळे का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना काढली. मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून आपलं काम वेगळं दिसावं, हा तिचा हेतू होता. आजची ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ तिच्यातूनच उभी राहिली. अमेरिकेत पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी ‘रिकन्स्ट्रक्शन एड्स’, म्हणजे पुनर्वसन सहायिका, तयार करण्यात आल्या आणि १९२१ मध्ये मेरी मॅकमिलन यांच्या पुढाकाराने तिथली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पोलिओच्या साथींनी पुढे या कामाला बळ दिलं. १९५१ मध्ये कोपनहेगनला अकरा देशांच्या संघटनांनी जागतिक महासंघ काढला. तो आज ‘वर्ल्ड फिजिओथेरपी’ या नावाने ओळखला जातो.

भारतात सुरुवात मुंबईत झाली, तीही पोलिओमुळेच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय उभं राहिलं. १९५५ मध्ये हाजी अलीला भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली, आणि त्याच वर्षी भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटनाही स्थापन झाली. म्हणजे या व्यवसायाचं भारतातलं माहेर मुंबई आहे आणि जन्मापासूनच त्याचे धागे परदेशाशी जोडलेले आहेत.

पुढे मात्र प्रत्येक देश आपापल्या वाटेने गेला. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून रुग्ण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ शकतो. अमेरिकेने पदवी, मग मास्टर्स, मग डॉक्टरेट अशी चढती वाट धरली. जर्मनीत हे आजही मुख्यतः तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण आहे आणि उपचार बहुतांशी डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालतात. आपल्याकडे साडेचार वर्षांची पदवी आहे : चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. महाराष्ट्रात त्याचे प्रवेश ‘नीट’मधून होतात, पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं आणि नोंदणी २००२ च्या कायद्याने आलेली राज्य परिषद करते. एवढं सगळं असूनही गावाकडे अजून ‘शेक घ्यायला जातो’ असंच म्हणतात. परदेशाची ओढ कुठून येते, याचं निम्मं उत्तर त्या एका वाक्यात आहे. उरलेलं निम्मं पहिल्या पगारात : शहरातल्या खासगी क्लिनिकमध्ये नव्या पदवीधराच्या हातात महिन्याला पंधरा-वीस हजार पडतात, काही ठिकाणी त्याहूनही कमी.

अमेरिका : उंच उंबरा

अमेरिकेत फिजिओथेरपी शिकायची म्हणजे ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’, म्हणजेच डीपीटी. क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये तो प्रवेशपातळीवर सुरू केला आणि २०१५ च्या अखेरपर्यंत सगळ्याच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना तिथवर यावं लागलं. चार वर्षांच्या पदवीनंतर तीन वर्षं, आणि फी पाहता पाहता एक लाख डॉलरच्या वर जाते. भारतातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला याचा अर्थ असा की, साडेचार वर्षं जे शिकलो त्यातलं बरंच पुन्हा शिकायचं आणि त्यासाठी मोठं कर्ज काढायचं.

म्हणून अमेरिकेत जाणाऱ्या बहुतेक भारतीयांची वाट दुसरी असते. भारतीय पदवीची अमेरिकन पदवीशी तुलना करून घ्यायची आणि राष्ट्रीय परवाना परीक्षा, एनपीटीई, द्यायची. ही तुलना ‘कोर्सवर्क टूल’ नावाच्या चौकटीतून होते. तिथे फक्त फिजिओथेरपीचे विषय बघत नाहीत. मानव्यविद्या, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा सामान्य शिक्षणाचे क्रेडिटही मोजतात, आणि बारावीला आपण घासून घासून केलेलं भौतिकशास्त्र तिथे धरलं जात नाही, कारण ते शाळेतलं मानलं जातं. मग कुणी कॉलेजचे क्रेडिट मिळवून देणाऱ्या सीएलईपीच्या परीक्षा देऊन, कुणी ऑनलाइन कोर्स करून ती ‘डेफिशियन्सी’ भरून काढतं. परीक्षेत २०० ते ८०० च्या पट्टीवर ६०० गुण लागतात आणि आयुष्यभरात मोजक्याच संधी मिळतात.

या वाटेवर २०१० मध्ये एक मोठा खड्डा पडला. प्रश्न फुटल्याच्या प्रकरणावरून परीक्षा घेणाऱ्या महासंघाने इजिप्त, भारत, पाकिस्तान आणि फिलिपिन्समधल्या पदवीधरांची परीक्षा थांबवली आणि त्यांच्यासाठी वेगळी वार्षिक परीक्षा जाहीर केली. परीक्षेची विश्वासार्हता राखायची तर कठोर व्हावंच लागतं, ही महासंघाची बाजू होती. काही जणांच्या चुकीसाठी चार देशांतल्या सगळ्यांना एका रंगात रंगवलं, अशी दुसरी बाजू होती आणि ती आजही भारतीय फिजिओंच्या तोंडून ऐकू येते. २०११ पासून सर्वांसाठीच परीक्षा ठराविक तारखांना होऊ लागली, तेव्हा हा वाद बराचसा निवळला.

परवाना मिळाला तरी व्हिसाचा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या श्रम खात्याने फिजिकल थेरपिस्ट आणि परिचारिका यांना कायमच्या टंचाईच्या यादीत ठेवलं आहे. त्यामुळे ग्रीन कार्डासाठी ‘स्थानिक उमेदवार मिळत नाही’ हे मालकाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पण भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून लांब आहे. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून नव्याने येणाऱ्यांच्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. ग्रामीण भागातल्या छोट्या पुनर्वसन केंद्राला हा आकडा पेलणारा नाही, आणि नव्या भारतीय फिजिओंना नोकरी देणाऱ्यांत अशी केंद्रंच मोठ्या संख्येने असतात.

ब्रिटन : एक वर्षाचं मास्टर्स आणि त्यामागचा गैरसमज

आपल्या मुलांची सगळ्यात जास्त गर्दी इथे आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच आहे. ब्रिटनमध्ये ‘फिजिओथेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, हिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती लावता येत नाही. तिथे शिकून नोंदणी मिळवायची तर तीन वर्षांची बीएस्सी (स्कॉटलंडमध्ये चार) किंवा दोन वर्षांची ‘प्री-रजिस्ट्रेशन’ एमएस्सी करावी लागते. ही दोन वर्षांची एमएस्सी इतर विषयांतल्या पदवीधरांसाठी असते. आधीच फिजिओथेरपीची पदवी असलेल्यांना अनेक विद्यापीठं तिथे घेतच नाहीत.

आपली बहुतेक मुलं जातात ती तिसऱ्याच वर्गात : ‘ॲडव्हान्स्ड फिजिओथेरपी’, ‘स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज मेडिसिन’ अशा नावांचं एक वर्षाचं मास्टर्स. अभ्यासक्रम म्हणून त्यातले अनेक चांगले आहेत. संशोधनाची पद्धत आणि पुराव्याची पारख यांत ते आपल्यापेक्षा बरेच पुढे आहेत. पण त्यातून एचसीपीसीची नोंदणी मिळत नाही. ती भारतीय पदवीच्या कागदांवरच मिळवावी लागते, आणि ते काम पुण्यात किंवा सोलापुरात बसूनही करता येतं. कौन्सिलचे दोन मूल्यमापक कागद वाचतात, आपल्या निकषांशी ताडून बघतात आणि निर्णय देतात. सर्वांसाठी अशी एक सामाईक परीक्षा नाही. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही, एवढी अट आहे.

मग मास्टर्स कशासाठी? यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. एक मत म्हणतं, तिथे राहून एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, भाषा, नोंदी ठेवायची पद्धत आणि माणसं कळतात. नोकरीच्या मुलाखतीत त्याचाच उपयोग होतो. शिवाय शिक्षणानंतर काही काळ काम करायची मुभा देणारा व्हिसा मिळतो. दुसरं मत म्हणतं, वीस-पंचवीस लाख खर्चून विकत घेतलेला हा व्हिसाच आहे, आणि त्याची मुदत आता घटते आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार आहेत. जानेवारी २०२४ पासून अशा मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. आपल्याकडे या शिक्षणात मुली जास्त असतात. अनेक घरांत लग्न आणि परदेश हे दोन निर्णय एकाच टेबलावर होतात. तेव्हा हा एक नियम कागदावर दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो.

शिवाय गेल्या वर्ष-दोन वर्षांत तिथल्या नव्या पदवीधरांनाच ‘बँड ५’ या सुरुवातीच्या वेतनश्रेणीतल्या पहिल्या जागा मिळेनाशा झाल्या आहेत. रुग्णांच्या प्रतीक्षायाद्या लांब आहेत आणि भरती मात्र रोखलेली आहे, अशी तक्रार तिथली व्यावसायिक संघटना उघडपणे करते. टंचाई आहे म्हणजे नोकरी आहे, हे गृहीतक ब्रिटनने खोटं ठरवलं आहे. कारण टंचाई रुग्णालयात असते आणि नोकरी अंदाजपत्रकात.

ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी

ऑस्ट्रेलियाची पद्धत ब्रिटनच्या अगदी उलट आहे. ब्रिटन कागद तपासतो, ऑस्ट्रेलिया हात तपासतो. परदेशी पदवीधराला आधी लेखी परीक्षा आणि मग हृदय-श्वसन, मज्जासंस्था आणि सांधे-स्नायू अशा तीन विभागांत प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. खर्चिक आहे, नापास होणारे बरेच आहेत, पण निकष सगळ्यांना एकच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी या प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. तपासणी चोख केली, निदान बरोबर, व्यायामही योग्य दिले. समोर गुडघेदुखीची साठीतली बाई होती. तिने विचारलं, ‘मी काहीच केलं नाही तर काय होईल?’ हिला उत्तर सुचलं नाही. हिने सहजपणे ‘नाही, व्यायाम तर करायलाच हवेत’ असं म्हटलं आणि पुढे गेली. परीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. आपल्या ओपीडीत सकाळी चाळीस रुग्ण असतात. ‘आजी, पाय सरळ करा, हं, आता वर घ्या’ असं म्हणत आपण काम उरकतो. त्यात माया असते, पण विचारणं नसतं. तिथे हात लावण्याआधी काय करणार, का करणार, दुसरे पर्याय कोणते, धोका काय हे सांगायचं आणि मग परवानगी घ्यायची. रुग्णाला काय साधायचं आहे ते त्याच्याच तोंडून ऐकायचं : नातवाला उचलायचं आहे की बागेत बसून खुरपायचं आहे. पुढच्या वेळेला ती पास झाली. ती म्हणाली, ‘सर, मला शास्त्र नव्हतं शिकायचं, बोलायला शिकायचं होतं.’

इलेक्ट्रोथेरपीबद्दलही असंच. आपल्याकडे आयएफटी, अल्ट्रासाउंड, शॉर्टवेव्ह यांवर भर आहे, कारण रुग्णालाच यंत्र लावल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये व्यायाम, समजावून सांगणं आणि स्वतःची काळजी घ्यायला शिकवणं याला पहिलं स्थान आहे. आपलं सगळं मागास आणि तिकडचं सगळं पुढारलेलं, असा निष्कर्ष यातून काढू नये. दिवसाला चाळीस रुग्ण हातावेगळे करण्याचं जे कसब आपल्या इंटर्नकडे असतं, ते तिथल्या विद्यार्थ्याकडे नसतं. मणक्याचा क्षयरोग आणि जुना पोलिओ आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

कॅनडाचा धडा वेगळा आहे. तिथल्या मास्टर्समध्ये परदेशी विद्यार्थ्यांना जागा अगदी थोड्या असतात. म्हणून बरीच मुलं एखाद्या कॉलेजच्या आरोग्य व्यवस्थापनासारख्या पदविकेला प्रवेश घेतात, पोटापाण्यासाठी क्लिनिकमध्ये सहायक म्हणून राबतात आणि रात्री परवाना परीक्षेचा अभ्यास करतात. या परीक्षेचे दोन भाग होते, लेखी आणि प्रत्यक्ष. महासाथीत प्रत्यक्ष भाग रखडला. सप्टेंबर २०२१ मध्ये तो संगणकावरून घ्यायचा प्रयत्न तांत्रिक बिघाडाने कोसळला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो बंदच झाला. त्यानंतर प्रांतांनी आपापल्या वेगळ्या वाटा काढल्या. दोन-तीन वर्षं हजारो लोक तात्पुरत्या परवान्यावर लटकले. २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली आणि पदविकेनंतर मिळणाऱ्या काम-परवान्याचे नियमही घट्ट झाले. त्याच वेळी कायमच्या वास्तव्यासाठी आरोग्य क्षेत्राला प्राधान्य देणाऱ्या निवडीत फिजिओथेरपिस्ट आहेत. एक दार बंद आणि दुसरं उघडं. पण उघडं दार परवानाधारकासाठी आहे, हे लक्षात घ्यायला हवं.

जर्मनीचं आकर्षण पुण्यात विशेष वाढलं आहे, कारण जर्मन शिकवायची परंपरा तिथे जुनी आहे. फी जवळपास नाही, वृद्धांची संख्या मोठी, माणसांची गरज खरी. मात्र पदवी मान्य करून घ्यायला बी-२ पातळीचं जर्मन लागतं आणि बहुतेकदा जुळवणीचं प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. ज्याने इथे स्वतंत्रपणे रुग्ण पाहिले, त्याला तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे वीस मिनिटांचे उपचार देणं जड जातं. आखाती देशांबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण तिकडे जाणारे शिकायला जात नाहीत, थेट परवाना परीक्षा देऊन कामालाच जातात.

चार भूमिका

ही माहिती समोर ठेवली की चर्चेतल्या भूमिका नीट वेगळ्या दिसतात. पहिली सल्लागार कंपन्यांची आणि अनेक पालकांची : ‘आधी मास्टर्सला जा, पुढचं तिथे गेल्यावर बघू.’ तिच्या बाजूने एवढं खरं आहे की माणूस तिथे असला की वाटा दिसतात, ओळखी होतात, धीर येतो. दुसरी भूमिका परदेशात स्थिरावलेल्या फिजिओंची : ‘आधी परवाना मिळव, मग ये. मास्टर्स नंतर मालकाच्या पैशाने कर.’ ती स्वस्त आहे, पण तिला संयम लागतो. कागदपत्रांत दीड-दोन वर्षं जातात आणि तेवढ्यात घरातून विचारणा सुरू होते.

तिसरी भूमिका म्हणजे बारावीनंतर थेट बाहेर जाणं. मेलबर्नला, डब्लिनला किंवा लंडनला मूळ पदवीच घेतली तर परवान्याचा गुंता जवळपास सुटतो, हे मान्य करावं लागेल. पण तीन-चार वर्षांची परदेशी विद्यार्थ्याची फी म्हणजे बहुतेक मराठी घरांच्या आवाक्याबाहेरचा आकडा. उद्या परत यायचं झालं तर इथल्या नोंदणीचा प्रश्न उलट्या दिशेने उभा राहतो.

चौथी भूमिका इथल्या ज्येष्ठ शिक्षकांची. त्यांचं म्हणणं असं की २०१९ मध्ये जगात सुमारे २४१ कोटी लोकांना पुनर्वसनाची गरज होती. त्यांतले मोठ्या संख्येने आपल्याच देशात आहेत, आणि जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची पदं एक-दोन. चांगली मुलं बाहेर गेली तर गडचिरोलीत अर्धांगवायूच्या रुग्णाला कोण उभं करणार? यावर प्रतिवाद असा की, पदंच नाहीत तर थांबायचं कशावर? जागतिक आरोग्य संघटनेने ज्या देशांतून आरोग्यसेवकांची सक्रिय भरती करू नये अशी यादी केली आहे, तिच्यात भारत नाही. आपल्याकडे फिजिओ कमी नाहीत, फिजिओला कामावर ठेवणाऱ्या संस्था कमी आहेत. मला या वादात दोघांचंही पटतं, पण दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणं पटत नाही. बावीस वर्षांच्या मुलीने पंधरा हजारांवर घरभाडं आणि कर्ज भागवून देशसेवाही करावी, ही अपेक्षा आपण दुसऱ्या कुठल्याही व्यवसायाकडून करत नाही.

न सुटलेलं

पहिला अनिर्णित प्रश्न आपल्याच पदवीचा आहे. २०२१ च्या कायद्याने सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला. २०२५ मध्ये आयोगाने फिजिओथेरपीचा नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात वर्षभराच्या इंटर्नशिपसह पदवी पाच वर्षांची होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिजिओथेरपिस्टांनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलं आणि लगेच मागे घेतलं. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती या दोन अक्षरांची. पण परदेशी जाणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. नव्या अभ्यासक्रमात रुग्णांसोबतच्या तासांची नोंद विद्यार्थीनिहाय, देखरेख करणाऱ्याच्या सहीने ठेवली जाणार का? ब्रिटनमध्ये पदवीच्या काळात सुमारे हजार तासांचं प्रत्यक्ष काम अपेक्षित असतं. आपली मुलं त्याहून जास्त करतात आणि सिद्ध मात्र करू शकत नाहीत.

दुसरा प्रश्न शिष्यवृत्त्यांचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती दरवर्षी पंचाहत्तर जणांना मिळते आणि तिच्यामुळे अनेक घरांत पहिल्यांदा परदेशी पदवी आली. पण अशा योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. फिजिओथेरपीचे उत्तम अभ्यासक्रम पुष्कळदा अशा विद्यापीठांत असतात जी त्या यादीत वर नसतात. ही क्रमवारी मुख्यतः संशोधन आणि नावलौकिक मोजते, रुग्णाजवळ शिकवणं मोजत नाही. परवाना देणाऱ्या संस्थेची मान्यता हा निकष इथे जास्त योग्य ठरेल का, याचा विचार अजून झालेला दिसत नाही.

तिसरा प्रश्न परतीचा. परदेशात चार-पाच वर्षं काम करून आलेल्या फिजिओसाठी इथे वेगळी श्रेणी नाही, वेगळं पद नाही. स्पोर्ट्स किंवा हात-शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनात खास अनुभव असलेले लोक येतात आणि मुंबई-पुण्यात स्वतःचं क्लिनिक थाटतात. ज्ञान परत येतं, पण ते पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णापर्यंतच. सरकारी कॉलेजांत त्यांना अर्धवेळ शिकवायला बोलावण्याची सोय झाली तर चित्र बदलू शकेल. आज अशी नेमणूक पदवीच्या समकक्षतेच्या कागदांत अडकते.

चौथ्या प्रश्नावर उघड बोललं जात नाही. तो म्हणजे परवाना न मिळता वर्षानुवर्षं केअर होममध्ये किंवा सहायक म्हणून राहिलेले लोक. काम कुठलंच हलकं नसतं. पण पाच वर्षं हात चालवला नाही की कसब जातं आणि नोंदणी देणाऱ्या संस्थाही अलीकडचा सराव मागतात. जो जितका थांबतो, त्याची वाट तितकी लांबत जाते. अशांची संख्या किती, याची नोंद कुणी ठेवत नाही.

रांगेतल्या मुलांना

एवढं पाहिल्यावर माझं मत असं बनलं आहे की, परदेशी फिजिओथेरपी शिक्षणाबद्दलचा पहिला निर्णय देशाचा किंवा विद्यापीठाचा असू नये, परवान्याचा असावा. ज्या देशात जायचं तिथली परवाना संस्था कोणती, तिच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीत आपला अभ्यासक्रम आहे का, नसेल तर आपली भारतीय पदवी ती मान्य करते का आणि त्याला किती वेळ लागतो, ही चार उत्तरं त्या संस्थेच्या स्वतःच्या माहितीतून काढा. ती सार्वजनिक असते आणि फुकट असते. सल्लागाराला पैसे देण्याआधी एक संध्याकाळ त्यासाठी द्या. संशोधन शिकायला, वेगळं जग बघायला म्हणून मास्टर्सला जायचं असेल तर जरूर जा, फक्त ते कशासाठी आहे हे कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या आईवडिलांनाही सांगा.

आणि कॉलेजांना व विद्यापीठाला एक विनंती. तासांचा तक्ता, विषयवार अभ्यासक्रम आणि रुग्णांसोबतच्या कामाची सहीशिक्क्याची नोंद प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीसोबतच द्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. दरवर्षी जून-जुलैत ऑफिसच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलांचे सहा महिने त्याने वाचतील.